अर्जंटची गोळी

तेल्हाऱ्याच्या नितेशला हळू बोलता येत नाही. ऑटोवर भोंगा बांधून साड्यांच्या सेलपासून हरवलेल्या म्हशीपर्यंत सगळ्याची दवंडी पिटणं हा त्याचा धंदा. ओरडून ओरडून गळा असा तयार झालाय की त्याने घरात मीठ मागितलं तर शेजारीण मीठ घेऊन येते.

अशा माणसावर नेमकी कुजबुजायची वेळ आली. रात्री निरोध फाटला. बायको आचल पोलीस भरतीची तयारी करत होती. लहानग्या लेकीला सासूजवळ ठेवून रोज पहाटे मैदानावर पळायची, आणि चाचणी तोंडावर आली होती. आता दिवस गेले तर वर्दी गेलीच. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. चहा देतानाच तिने सांगितलं, "मेडिकलमधून गोळी आन. चिठ्ठी लागत नाही. तीन दिवसाच्या आत घ्या लागते, पण जितकी लवकर तितकी बरी. अन् हळू बोलजो, बापा!"

गावातलं मोठं मेडिकल आचलच्या सख्ख्या मामाचं आणि समोरचं मामाच्या व्याह्याचं. म्हणून नितेशने अकोल्याची एसटी धरली. स्टँडजवळच्या दुकानात ही गर्दी! तोंडाला दुपट्टा गुंडाळून तो काउंटरवर वाकला आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजला, "काका, अर्जंटची गोळी द्या."

दुकानदार चंद्रभानकाका मोठे कळवळ्याचे. "कोणाले पाह्यजे?"

"बायकोले."

"किती वेळा झालं?"

नितेश दुपट्ट्याआड लालबुंद झाला. अकोल्यात हेही विचारतात? "एकच वेळा."

"एकाच वेळेत काहून घाबरता भाऊ? ताकात जिरं टाकून पाजा. आपोआप बंद होते."

"ताकानं?"

"बरं, घ्या ही गोळी. अन् आज तिखट नका देऊ तिले."

बाहेर येऊन नितेशने पाकीट वाचलं. जुलाबाची गोळी! अर्जंट कशाची लागते हे शाळकरी पोरालाही कळतं, आणि हा शहाणा तेच मागून आला होता. आता पुन्हा आत कोण जाणार? तशीच बस धरावी असं त्याच्या मनात आलं. मग अंधारात बुटाच्या नाड्या बांधणारी आचल आठवली आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो आत शिरला, दुपट्टा काढला आणि आपल्या अस्सल आवाजात म्हणाला, "काका! रात्री निरोध फाटला. गर्भ राहू नये म्हणून तातडीची गोळी असते, ते द्या!"

दुकानातलेच काय, शेजारच्या रसवंतीवरचे लोकही माना वळवून बघू लागले.

"मंग असं बोला न राजेहो!" चंद्रभानकाकांनी गोळी काढली. "घरी पोचल्याबरोबर द्या. दोन-तीन घंट्यात उलटी झाली तर पुन्हा घ्या लागन. पाळी आठवडाभर लांबली तर तपासून घेजा. अन् हे रोजची गोळी नोहे, बरं का."

गोळी खिशात टाकून नितेश वळला, तर कोणीतरी त्याची बाही ओढली. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई होती. एक पोर कडेवर, एक हाताशी.

"भाऊ," ती अगदी हळू म्हणाली, "सकाळपासून तीन दुकानं फिरून राहिली मी. तोंडातून शब्दच निंघत नाही. तुमचा आवाज चांगला हाय. माह्यासाठीबी सांगून द्या न."

नितेशने काउंटरकडे तोंड केलं आणि गळा साफ केला.