मिशीच्या पैजेची भाकरी

आमच्या घरी पुढच्या खोलीत माझा एक फोटो आहे. मागं पिरॅमिड, पुढं मी, अंगात खाकी कपडे. पण मी समोर बघत नाही, एका अंगाला तोंड करून उभा आहे. येणारा-जाणारा विचारतो, तुम्ही कुठं बघताय. सुनेनं एकदा पाहुण्यांना सांगितलं, "मामा पिरॅमिड बघत्यात." आता पिरॅमिड माझ्या पाठीमागं. तो मी कसा बघीन. पण चारचौघांत सुनेला खोटं पाडायचं नाही म्हणून गप्प बसलो. म्हटलं, खरं काय ते एकदा लिहूनच टाकू. माझी शाळा दुसरीपर्यंत झाली. अक्षर वाकडं आहे, पण आठवण सरळ आहे.

लढाईच्या काळात मी नगरला जाऊन भरती झालो. गाव कर्जत तालुक्यातलं. सरकारनं आम्हाला बोटीत घातलं आणि मिसर देशात, कैरो शहराच्या बाहेर, वाळूत नेऊन टाकलं. आमचं काम लॉऱ्यांत सामान चढवायचं आणि उतरवायचं. बंदूक दिली होती, पण बंदुकीपेक्षा साखरेची पोतीच जास्त उचलली. लढाई जिंकली त्यात त्या पोत्यांचाही वाटा आहे, हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो.

माझ्या शेजारच्या खाटेवर कोल्हारचा एकजण होता. ख्रिस्ती. त्याच्या आज्यानं धर्म घेतलेला, बाप मिशनच्या शाळेत मास्तर, आणि प्रवरेच्या काठाला थोडा ऊस. उसाचा त्याला फार गर्व. माझ्या गावात ज्वारीशिवाय काही नाही, आणि ज्वारीचा मला त्याहून गर्व. मी त्याला बागाईतदार म्हणायचो, तो मला जिरायती म्हणायचा. खरी नावं दोघांनाही ठाऊक होती, पण ती वापरात नव्हती.

पलटणीत जेवायला गव्हाच्या चपात्या. रोज चपाती, वर डाळ. एक दिवस मी ताट सरकवून दिलं. म्हणालो, "ह्या कापडाच्या घड्या किती दिवस खायच्या? मला भाकर पायजे."

बागाईतदार म्हणाला, "ह्या मुलखात भाकर मिळत न्हाई. खा नि गप पड."

"भाकर समद्या मुलखात मिळती. शोधनारा पायजे."

"मंग शोध की. उद्या सुट्टीच हाय. न्हाई घावली तर?"

बराकीतली सगळी माणसं आमच्याकडं बघत होती. आणि माणसं बघायला लागली की माझं तोंड माझ्या हातात राहत नाही. मी म्हणालो, "न्हाई घावली तर मिशी उतरवीन. अन् घावली तर तू तुजी उतरवायची."

बागाईतदाराची मिशी म्हणजे काडीनं ओढलेली रेघ. ती गेली काय, राहिली काय, तो ज्या माणसाशी बोलत असेल त्यालाही कळलं नसतं. माझी मिशी मात्र पलटणीत नावाजलेली. दोन्ही टोकं वर, घोडेगावच्या बाजारातल्या बैलाच्या शिंगासारखी. तेल मिळत नव्हतं म्हणून तिला मी लॉरीचं ग्रीस लावायचो. ग्रीसनं मिशी अशी उभी राहते की वाऱ्यालाही ऐकत नाही. वास येतो, पण तो दुसऱ्याला.

बागाईतदार मास्तरचा पोरगा, त्यानं लगेच अटी घातल्या. भाकरी ज्वारीची पाहिजे. हातानं थापलेली पाहिजे. तव्यावर फुगलेली पाहिजे. आणि संध्याकाळी लॉरी परत निघायच्या आत माझ्या पोटात पाहिजे. आमच्या पलटणीचा न्हावी कोपऱ्यात बसला होता. त्यानं तिथंच वस्तरा काढून चामड्यावर फिरवायला सुरुवात केली.

सकाळी लॉरीनं आम्हाला कैरोत सोडलं. उतरलो तसा समोरच एक गाडीवाला. तांब्याचा मोठा हंडा, त्यात पावट्यासारखे दाणे रात्रभर शिजवलेले, वरनं तेल, लिंबू, जिरं. सोबत गोल, चांगली फुगलेली रोटी. मी रोटी उचलून बागाईतदाराच्या नाकासमोर धरली.

"ही घे भाकर."

"गव्हाची हाय."

"फुगल्याली हाय."

"गव्हाची हाय."

मी ती खाऊन टाकली. पुढं हिरव्या भज्यांची कढई लागली. कर्जतच्या बाजारातल्या भज्यांची सर त्यांना नाही, हे मी खाता खाताच सांगितलं आणि आणखी एक पुडा घेतला.

मग एका हॉटेलात बसलो. संगमरवरी टेबलं, भिंतीला आरसे, लाल उंच टोप्या घातलेली मोठी माणसं. त्यांनी काचेच्या पेल्यात बिनदुधाचा चहा दिला आणि वर पुदिना टाकला. आमच्याकडं म्हैस आटली की असा चहा करतात, पण पुदिना टाकून कुणी मिरवत नाही. तिथं कलेजी मागवली, कांदा मागवला. कांदा आला चाकूनं कापून, चकत्या करून. चाकूचा कांदा मला चालत नाही. मी हातानं गोल करून दाखवलं, अख्खा आण. त्यानं आणला. मी तो टेबलावर ठेवला आणि बुक्की मारली.

शेतात ढेकळावर मारायची सवय. संगमरवराचा मला अंदाज आला नाही. टेबलावरचं सगळं एक वीत वर उडालं. शेजारच्या लाल टोपीवाल्याच्या पेपरावर चहा सांडला आणि पुदिना त्याच्या चष्म्यावर बसला. तो उठला. बागाईतदारानं इंग्रजीत त्याची माफी मागितली, दोनदा. त्या माणसानं चष्म्यावरचा पुदिना काढला, माझ्याकडं बघितलं, फुटलेल्या कांद्याकडं बघितलं आणि वेटरला सांगून आणखी एक कांदा मागवला. तो माझ्यापुढं ठेवून म्हणाला, पुन्हा कर. मग मी सगळ्या हॉटेलाला कांदे फोडून दिले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पाठ थोपटली. बागाईतदार तेवढा भिंतीकडं तोंड करून बसला होता.

बाहेर पडल्यावर त्यानं रस्त्यात लागेल त्या दुकानात उसाचा रस प्यायला. प्रत्येक पेला संपवून तेच म्हणायचा, "पानचट हाय. आमच्या कोल्हारच्या रसाफुडं काईच न्हाई." आणि पुढचं दुकान शोधायचा.

मग तो मला एका जुन्या देवळात घेऊन गेला, त्यांच्या. मरियामाता बाळाला घेऊन या देशात आली तेव्हा तिथं राहिली होती म्हणतात. तो आत गुडघे टेकून बराच वेळ बसला. मी दारात जोडे काढून उभा. बाहेर आला तर चेहरा अगदी शांत.

मी विचारलं, "काय मागितलंस?"

"तुजी मिशी."

दुपारी ट्रामनं पिरॅमिडला गेलो. लोक समुद्र ओलांडून ते बघायला येतात. मी बघितला. कडब्याची गंज असते तसाच आकार, पण दगडाचा. एवढी मोठी गंज रचली आणि आत जनावराला काडी नाही. मी तसं म्हणालो तर बागाईतदार म्हणाला, "तुला बघायचं नसंल तर मला बघू दे." मला खरंच बघायचं नव्हतं. ऊन कलायला लागलं होतं आणि वरच्या ओठाला वस्तऱ्याची धार जाणवत होती.

तेवढ्यात खालच्या रस्त्यानं एक गाढव चाललं होतं. गाढव म्हणजे नुसते चार पाय दिसत होते. वर हा एवढा भारा.

मी म्हणालो, "कडबा."

"ऊस असंल."

"उसाची पाचट आन् ज्वारीचं ताट वळखू येत न्हाई का मला?" मी पळत गेलो, भाऱ्यातलं एक ताट ओढलं आणि दातानं सोलून चावलं. बागाईतदारानंही एक ओढलं. आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून चघळतोय आणि गाढववाला म्हातारा बघतोय, की सरकारनं शिपायांना उपाशी ठेवलंय की काय. बागाईतदार चघळायचा थांबला. मला तेवढं पुरे होतं. जिथं कडबा जातो तिथं ज्वारी असते. आम्ही गाढवाच्या मागं चालायला लागलो.

म्हाताऱ्याचं घर मातीचं, कर्जतला असावं तसंच. फक्त कडब्याच्या पेंढ्या वर धाब्याच्या छतावर रचलेल्या. अंगणात त्याची म्हातारी भट्टीपुढं बसून पातळ, कडक रोट्या काढत होती. म्हाताऱ्यानं छातीला हात लावून आम्हाला बसवलं, रोटी दिली, मीठ लावलेलं पांढरं चीज दिलं. मी घास घेतला. ज्वारी. थोडी मेथी घातलेली, पण ज्वारीच. त्या वाळूच्या देशात मला एकदम आमच्या खळ्याचा वास आला आणि मी जरा वेळ खाली मान घालून चावत राहिलो.

मग बागाईतदाराकडं बघितलं. "बोल."

"ज्वारी हाय," तो म्हणाला. "पर थापल्याली न्हाई. ही लाकडी उलथन्यावर पसरत्यात. तवा न्हाई. फुगल्याली बी न्हाई."

अटी अटीच होत्या. आता एकच वाट उरली. आमच्याकडं गडीमाणूस चुलीपुढं बसत नाही. माझ्या बापानं कधी तवा उचलला नाही, आज्यानं कधी चुलीत काडी सारली नाही, आणि माझी मिशी त्या दोघांकडून आलेली. पण ती वाचवायची तर पिठात हात घालायलाच पाहिजे. मी म्हातारीला खुणेनं विचारलं आणि मांडी घालून बसलो.

भाकरीचा मला आवाज ठाऊक होता. जन्मभर तो आवाज ऐकून जागा झालेलो. पण आई थापायची तेव्हा माझ्याकडं तिची पाठ असायची, हात मी कधी बघितले नव्हते. मी आवाजाप्रमाणं थापायला लागलो. आवाज बरोबर येत होता. भाकरी येत नव्हती. पहिली चिरली. दुसरी उचलताना दोन जागी झाली. भिंतीआड बाया जमल्या होत्या, त्यांच्या ओढण्या तोंडावर गेल्या. बागाईतदार उकिडवा बसून बघत होता.

"पानी कडत पायजे," तो हळूच म्हणाला.

"तू कुनाच्या बाजूनं हायेस?"

"माझ्याच. पर बघवंना मला."

म्हातारीनं पाणी तापवून दिलं. तिसरी कशीबशी जमली. गोल नव्हती, तालुक्याच्या नकाशासारखी होती, पण एक होती. तीन दगडांवर म्हातारीनं लोखंडी पत्रा ठेवला, खाली भट्टीतले निखारे सारले, मी भाकरी टाकली, वरनं पाण्याचा हात फिरवला, उलटली. फुगेना. पत्रा गार पडला होता. म्हातारीच्या ते ध्यानात आलं. ती उठली, धाब्यावरची एक अख्खी पेंढी ओढली आणि पत्र्याखाली सारली.

आमच्या भागातल्या माणसाला हे बघवत नाही. आम्ही जाळायला गोवरी घेऊ, तुराट्या घेऊ, वेळ आली तर खाटेचा पाय घेऊ. कडबा कुणी जाळत नाही. दुष्काळात एका पेंढीसाठी दोन तालुके चालत गेलेली माणसं आम्ही. त्या घडीला मला पैज आठवली नाही, पलटण आठवली नाही. "आवं मावशी, चारा हाय त्यो," एवढंच म्हणालो आणि पेंढी बाहेर ओढायला डोकं पत्र्याखाली घातलं.

वाळलेला कडबा एकदम पेटतो. ग्रीस त्याच्याही आधी पेटतं.

म्हाताऱ्यानं माझ्या तोंडावर मातीच्या माठातलं पाणी ओतलं. मी डोळे चोळतोय, जळक्या केसांचा वास येतोय, आणि त्यातच बागाईतदाराचा आवाज आला, "फुगली रं. जिरायती, फुगली. बघ."

मी बघितलं. टम्म फुगली होती. मी तिथंच म्हाताऱ्याकडनं कांदा घेऊन फोडला आणि अख्खी भाकरी खाल्ली. कड कच्ची होती, मधे करपली होती. मी एक तुकडाही टाकला नाही. मग ओठावरनं हात फिरवला. डावी मिशी होती. उजवी नव्हती.

परत येताना पिरॅमिडजवळ फोटोवाला उभा होता. बागाईतदार म्हणाला, घरी पाठवायला फोटो काढ. मी डावी बाजू पुढं केली. फोटोवाला सारखा खुणा करत होता, समोर बघ. मी बघितलं नाही. फोटोत मी बघतोय तो बागाईतदाराकडं. तो माझ्या उजव्या अंगाला वाळूत बसून पोट धरून हसत होता.

बराकीत शिरलो तर न्हावी कपडा झटकून तयारच. मी सांगितलं, भाकरी खाल्ली, पैज जिंकलो. सगळे माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, दिसतंय. कुणी म्हणालं, हारला आणि भादरताना मधेच पळून आला. मी म्हणालो, आता तर उरलेली अजिबात उतरवणार नाही. उतरवली तर हारलो असं होईल. अर्ध्या मिशीनं घरी जाईन. अर्ध्या मिशीनं म्हातारा होईन. आणि मी झालोही असतो, मला ओळखणारे सांगतील.

तेव्हा बागाईतदार उठला. दिवसभर रस पिऊन त्याचं पोट बिघडलं होतं, तरी ताठ चालत गेला आणि न्हाव्यापुढं जाऊन बसला.

"माझी काढ," तो म्हणाला. "मी हारलो. भाकर फुगली हुती."

न्हाव्याला त्याची मिशी सापडायला थोडा वेळ लागला, पण त्यानं काढली. तो उठला तसा त्याच्या जागी मी बसलो.

"आता माझी काढ," मी न्हाव्याला म्हणालो. "पर जपून. जिकल्याल्या मानसाची हाय."