भिंतीवरचा घास

दुपारी झोपणाऱ्या माणसांबद्दल शालनचं मत कधीच चांगलं नव्हतं. पण बुखाऱ्याचं ऊन भल्याभल्यांना आडवं करतं. सहलीतली बाकीची मंडळी गालिचे बघायला गेली आहेत आणि शालन उतरल्या घराच्या मालकिणीच्या, आपाच्या अंगणात, तुतीच्या झाडाखालच्या मोठ्या लाकडी तख्तावर पाठ टेकून पडली आहे. इथं जेवायचं ते या तख्तावर आणि लवंडायचं तेही यावरच. उशाशी फडक्याखाली सकाळचा नान झाकलेला आहे, त्याच्या तिळांचा वास येतो आहे.

समोर ओसरीच्या भिंतीवर खिळ्याला एक वाळून कडक झालेला नान टांगलेला आहे. त्याच्या कडेचा एक घास दातानं तोडलेला. आपाचा मुलगा बख्तियार सहा वर्षांपूर्वी रशियात कामाला गेला, त्याचा तो घास. वाटाड्या रुस्तम चांगलं हिंदी बोलतो. त्यानं काल सगळं समजावून सांगितलं होतं. घरचं माणूस दूर निघालं की नानचा एक घास तोडतं आणि उरलेला घरचे टांगून ठेवतात. खाणं अर्धं राहिलं म्हणजे ते पुरं करायला माणसाला परत यावंच लागतं. त्यातला घास दुसऱ्या कुणी खायचा नाही.

"आमच्याकडं उष्टं असं टांगलं तर मुंग्या घर उचलून नेतील," असं म्हणून शालन हसली होती. मग तिनं त्या नानकडं पाठ केली होती.

ही सहल खरी अक्काची. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. मिरजेच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला, फळ्यावर अमूदर्या नि सीरदर्या नद्या काढून काढून बोटं पांढरी केली, पण ते मुलूख कधी डोळ्यांनी बघितले नाहीत. दोघींनी मिळून नावं घातली. मग एके दिवशी अक्काच्या कपाटात शालनला डॉक्टरांचा कागद सापडला. हृदयाची झडप खराब आहे, प्रवास करू नका. अक्कानं तो लपवला होता. त्या दिवशी जेवताना शालनचा तोल सुटला. "तुला मरायचंच असेल तर खुशाल मर तिकडं वाळवंटात. मी नाही येत," असं बोलून ती अर्धी भाकरी टाकून ताटावरून उठली. चपला घालताना मागून अक्काचा आवाज आला, "झाकून ठेवते गं." नऊ दिवसांनी अक्का गेली. मधल्या नऊ दिवसांत शालननं फोनसुद्धा केला नाही.

सहलीच्या यादीतलं अक्काचं नाव खोडायला तिचा हात धजला नाही. म्हणून आपानं आत दोन गाद्या घातल्या आहेत आणि चहाला दोन प्याले मांडते. तिलाही शालननं काही सांगितलेलं नाही.

पारवे घुमताहेत. पापण्या जड होतात. झाडाची सावली अंगावरून सरकते आणि पायांशी येऊन बसते.

सावली हात झटकते. खडूची पूड उडते.

"झोपलीस व्हय?" अक्का म्हणते. "चौतीस वर्षं बुखारा शिकवला मी, आणि झोपायला आलीस तू!"

"ऊन फार आहे गं," शालन म्हणते. अक्का इथं कशी, हे विचारायचं तिला सुचत नाही. अक्काचा पुढचा दात तसाच अर्धा आहे. शाळेचा पृथ्वीगोल घेऊन जिन्यावरून पडली होती, तेव्हापासूनचा. फक्त तुतीची पानं वाऱ्यानं हलताहेत आणि अक्काचा पदर हलत नाही.

"चल, ऊठ. किती बघायचं राहिलंय."

अंगणाचं दार उघडलं की मातीच्या भिंतींची बोळ लागते. बोळीच्या टोकाला हौद आहे. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या उतरत गेल्या आहेत आणि तळाशी पाण्यात निळा घुमट दिसतो आहे. शालन वर बघते. वर घुमट नाही, नुसतं आभाळ आहे. ती पुन्हा पाण्यात बघते. घुमट आहे, त्याच्याशेजारी ती उभी आहे, एकटीच.

"वाकू नको फार," अक्का म्हणते आणि तिचं मनगट धरते. हात विहिरीतल्या दगडासारखा गार आहे.

पायऱ्या उतरताना पाणी मागं मागं जातं. पायाखाली वाळू येते, वाळूत शिंपले. दूरपर्यंत सपाट, पांढरट मुलूख, आणि त्यात मोठमोठ्या लोखंडी होड्या कुशीवर पडलेल्या, गंजून लाल झालेल्या. वारा आहे पण आवाज नाही.

"मी मुलांना चुकीचं शिकवलं," अक्का म्हणते. "अमूदर्या अरल समुद्राला मिळते म्हणून सांगत राहिले. आता मिळत नाही गं ती. वाटेतच संपते."

"आणि समुद्र कुठं गेला?"

अक्का तिच्याकडं वळून बघते. "भरल्या ताटावरून उठून गेला."

शालन थबकते. तिला मागं फिरायचं आहे, पण मागं पावलं एकाच माणसाची उमटली आहेत आणि ती तिची स्वतःची आहेत. अक्का एका होडीच्या पोटातलं दार लोटते. कडीचा आवाज ओळखीचा आहे.

आत मिरजेचं स्वयंपाकघर आहे. तीच खिडकी, तीच भांड्यांची मांडणी, ओट्यावर उपडं घातलेलं पातेलं. फक्त ओट्याच्या वरची भिंत आता उंच होत होत अंधारात गेली आहे आणि तिच्यावर खिळेच खिळे आहेत. प्रत्येक खिळ्याला एक नान आणि प्रत्येकाचा एकेक घास तुटलेला. हजारो असतील. ते सगळे हलके हलके भिंतीवर आपटताहेत, कुणीतरी दातावर दात वाजवावेत तसे.

हाताला येईल अशा खिळ्यावर एक ज्वारीची भाकरी आहे. अर्धी. तिच्या कडेला शेंगदाण्याची चटणी अजून लाल आहे.

"ही माझी," शालन म्हणते.

"होय. तुझीच."

"अक्का, मी तसं बोलायला नको होतं गं."

"कसं?" अक्का वर्गात विचारायची तशी विचारते. "काय बोललीस? परत म्हण बघू."

शालनला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागतं. अख्खं. मर हा शब्द तिच्या तोंडून निघतो तेव्हा भिंतीवरचे सगळे नान एकदम थांबतात. इतकी शांतता होते की तिला आपला श्वास ऐकू येतो, आणि अक्काचा येत नाही.

त्यांची आई नेहमी सांगायची, गेलेल्या माणसाच्या घरचं स्वप्नात खाऊ नये, खाल्लं की त्याच्यामागं जावं लागतं. शालनला ते नीट आठवतं. तरी ती खिळ्यावरून भाकरी काढते. जावं लागलं तर लागलं. ताट एवढं पुरं करायचं आणि मोकळं व्हायचं, याच्यापलीकडं तिला काही नको आहे. भाकरी ओठांशी येते.

फाडकन मनगटावर चापट बसते.

"ठेव खाली! आई काय सांगायची? विसरलीस?"

"मग टांगून कशाला ठेवलीस माझ्यासाठी?" शालन रडते. साठीला टेकलेली बाई हुंदके देऊन लहान पोरीसारखी रडते.

"मी कशाला टांगू? तू टांगलीस," अक्का म्हणते. आता तिचा आवाज पूर्वीचा आहे, दम लागलेला, खट्याळ. "तू गेलीस त्याच रात्री मी तुझी अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. अन्न टाकतात व्हय? आणि खरं सांगू? मला भूक लागली होती."

शालन हाताकडं बघते. हात रिकामा आहे. खिळाही रिकामा आहे.

पारवे घुमताहेत. अक्का तख्ताच्या कडेला बसून पाय हलवते आहे. तिनं उशाशी ठेवलेल्या नानवरचं फडकं बाजूला केलं आहे.

"निघते मी."

"कुठं निघालीस? बस की थोडी."

"समरकंद राहिलंय अजून," म्हणत अक्का नान उचलते, कडेचा घास दातानं तोडते आणि चावत चावत अंगणाच्या दाराकडं चालू लागते. वळून बघत नाही. खडूची पूड तेवढी उन्हात तरंगत राहते, मग तीही दिसेनाशी होते.

"शालन-खानम, चाय."

डोळे उघडतात. आपा उभी आहे, हातात किटली आणि दोन प्याले. ऊन भिंतीवर चढलं आहे. शालन उठून बसते, कपाळाचा घाम पुसते, आणि स्वप्नंच ती, असं मनाशी म्हणत उशाकडं हात नेते. बोटांना फडकं लागत नाही. ते बाजूला, नीट घडी घालून ठेवलेलं आहे.

नानच्या कडेला घास तोडलेला आहे. तोडल्या जागेच्या मधोमध नानचं एक बारकं टोक उभं राहिलं आहे, समोरचा एक दात पुरा पोचला नाही म्हणून राहिलेलं. शालन तिथं बोट लावते. तिथला नान ओला आहे.

आपा वाकून बघते. नानकडं बघते, शालनच्या सरळ दातांकडं बघते, मग आतल्या दोन गाद्यांपैकी न वापरलेल्या गादीकडं. तिला हिंदी शब्द येतात ते पाचसहा.

"बहन?" ती विचारते.

शालन मान डोलावते.

"गयी?"

"गयी."

आपा किटली आणि प्याले तख्तावर ठेवते. ओसरीवर जाऊन कोनाड्यातून हातोडी आणि खिळा काढते आणि हात पुढं करून थांबते. नान शालनच्या मांडीवर आहे. टांगला, तर अक्का तो पुरा करायला परत येईल. रुस्तम तसंच म्हणाला होता. त्या गार हातानं धरलेल्या मनगटाला अजून ऊब आलेली नाही. तिला भीती वाटते, खूप भीती वाटते. नान कुस्करून पारव्यांना टाकला तर सगळं इथंच मिटेल, हेही तिला कळतं.

ती उठते आणि नान दोन्ही हातांनी आपाच्या हातात देते.

बख्तियारच्या नानशेजारी खिळा ठोकला जातो. घास तोडलेली बाजू दाराकडं करून आपा नान टांगते, एक पाऊल मागं होऊन तो सरळ आहे ना ते बघते, आणि दोन्ही प्याल्यांत चहा ओतून आत जाते.

शालन आपला चहा संपवते. दुसऱ्या प्याल्यावर ती बशी झाकून ठेवते.