डबल ड्यूटीएवढं अंतर

गुवाहाटीला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाल्याचा मेल आला, त्या आठवड्यात मी मोबाइलवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघत होते. पुणे ते गुवाहाटी, हवाई अंतर. साधारण दोन हजार किलोमीटर, विमानाने तीन तास. नकाशावर दोन विमानतळांना जोडणारी सरळ रेघ. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि विमानात तर कुणीच बसलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. आई अडून बसली होती.

"तिकडं आजारी पडलीस तर आम्ही पोचणार कधी?"

"तीन तासांत," मी म्हटलं.

पप्पा खूश झाले. ते चाकणला कंपनीत आहेत. "तीन तास? अगं, तळेगाव चौकात बस अडकली की घरी कासारवाडीला यायला मलाच तेवढा वेळ लागतो!" दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मग राव, होस्टेल कशाला? रोज जाऊन-येऊन करू दे की पोरीला!" घरी येऊन हे सांगताना ते हसत होते.

मला हसू येईना. दुपारी मी मोबाइलवर खरंच तिकिटं बघितली होती. मी बघितलेल्या तारखांना थेट विमानच नव्हतं. कोलकात्याला उतरायचं, तिथं दुसऱ्या विमानाची वाट बघत बसायचं. त्याआधी कासारवाडीहून लोहगावचा विमानतळ गाठायचा, आणि शेवटी तिकडच्या विमानतळावरून होस्टेलपर्यंत गाडी. यातलं काहीच त्या रेघेत नव्हतं. सांगावं की नको, या विचारात मी स्वयंपाकघरात उगाच दोनदा जाऊन आले. मग सांगितलंच.

आईचा कणीक मळणारा हात थांबला. पप्पांनी विचारलं, "सगळं धरून किती?"

"दिवस जाईल. बहुतेक पूर्णच."

त्यांनी बोटांवर तास मोजले. "म्हणजे फर्स्ट आणि सेकंड, दोन्ही शिफ्ट. डबल ड्यूटी. त्यात काय, केलीय की आपण."

"केलीय ना," आई म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला उठवायला हाका मारून मारून माझा घसा बसलाय."

पप्पा बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. मीही तिथं येऊन मोबाइल उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. होकाराचं बटण तसंच होतं. आपण आधी नीट बघून बोलायला हवं होतं, असं सारखं वाटत होतं.

तेवढ्यात आई कणकेच्या हातानेच दारात आली. माझ्याशी नाही, पप्पांशी बोलली.

"तास कितीही लागू देत. आपल्यातल्या कुणी ती वाट बघितलेली नाही, हे मला खातंय. हिला सोडायला तुम्ही जा. कुठं उतरायचं, कुठं बसायचं, सगळं बघून या. म्हणजे वेळ आली तर मला घेऊन जाता येईल."

पप्पांनी फोन उचलला आणि सुपरवायझरकडे सुट्टी मागायला गॅलरीत गेले. ते "हो साहेब, विमानानंच" म्हणत होते, तेव्हा मी बटण दाबलं.