परतीची नळी

मेहकरहून लोणारकडे निघालं की वस्ती विरळ होता होता उजव्या हाताला एक पत्र्याचं दुकान लागतं. पाटी नाही. दारात विहिरींतून वर काढलेल्या मोटरी आडव्या पडलेल्या असतात, काहींच्या पोटातली तांब्याची तार बाहेर आलेली. आत पुंजाजी बसतात. वय अठ्ठावन्न. उजव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून ते मान तिरकी करून डावा कान पुढे धरतात. नवख्या माणसाला वाटतं, हा आपल्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही.

चाळीस वर्षं ते पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतात. माणसांची नावं विसरतात. एखाद्या विहिरीवरची मोटर कशी बोलत होती ते मात्र दहा वर्षांनीही सांगतात. त्यांचा एक नेम आहे. मोटर विहिरीत उतरवली, बटण दाबलं, की ते हौदाजवळ जाऊन उभे राहतात. पाइपातून आधी हवा येते, मग गढूळ पाणी, मग पांढरी फेसाळ धार. घरची बाई त्या धारेला हळदकुंकू वाहते. धार डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुंजाजी त्या घरचा चहा घेत नाहीत. यंत्राच्या आत काय चाललं आहे ते कुणाला दिसत नाही. बाहेर जे पडतं तेवढ्यावरच विश्वास ठेवायचा, असं त्यांचं साधं गणित.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या दारात एक कॉन्टेसा येऊन थांबली. लांबलचक, काळी, पस्तीस वर्षांची. चालवत होता सौमित्र, लोणारच्या शाळेत विज्ञान शिकवणारा. गाडी त्याच्या वडिलांची. नीळकंठराव कोर्टात कारकून होते. निवृत्त होईपर्यंत ते याच गाडीनं कामावर गेले. मुलानं हट्टानं तिच्या इंजिनाला टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंखा. हवा वाढली की पेट्रोलही तेवढंच वाढावं लागतं. चढावर पेट्रोल कमी पडलं, आत आग भडकली आणि एक पिस्टन वितळला. इंजिन घासून, मोठा पिस्टन बसवून गाडी पुन्हा उभी राहिली. आता त्या लोखंडात आणखी घासायला जागा उरली नव्हती. पुन्हा एकदा पेट्रोल तुटलं असतं तर ते इंजिन कायमचं संपलं असतं, आणि तसं दुसरं कुठे मिळणार नव्हतं. नीळकंठराव त्या दिवसापासून गाडीत बसले नव्हते.

"पुण्याले न्या की," पुंजाजी म्हणाले.

"बाबा म्हणतात, गाडी जिल्ह्याबाहेर जाणार नाही. भाऊ, मला मोठी टाकी हवी आहे आणि पंप टाकीच्या आत बुडवायचाय."

"पेट्रोलात? करंटाचा पंप?"

"नव्या गाड्यांत तसाच असतो. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. उघडा पडला की तापतो, हवा ओढतो."

पुंजाजींनी कान आणखी पुढे केला. "म्हंजे सबमर्सिबलच झाला न. मंग काऊन घाबरून राह्यले?"

आतून त्यांच्या बायकोचा, शालूबाईंचा आवाज आला, "चाळीस वर्सं पान्यातल्या मोटरी काढल्या, आता पेट्रोलात बुडवून राह्यले! आग लागली त भाकरी तिथंच शेकून घिऊ."

"तुह्या भाकरीले गॅस परवडत नाही, म्हनून त करून राह्यलो," पुंजाजी म्हणाले, आणि डिकी उघडून आत वाकले.

टाकीला सव्वा महिना लागला. दोन पत्रे त्यांनी परत पाठवले, कारण वाकवताना ते "रडले", म्हणजे घडीवर बारीक चिरले. टाकीत त्यांनी भोकं पाडलेले उभे पडदे बसवले, म्हणजे वळणावर पेट्रोल एकदम एका बाजूला पळणार नाही. मधोमध एक छोटा डबा. त्यात मुंबईहून मागवलेला पंप उभा. बाकी टाकी अर्धी रिकामी झाली तरी डबा भरलेला राहावा, ही त्यामागची युक्ती. मग सगळ्या सांध्यांना बाहेरून खडू फासला आणि आत रॉकेल भरून तीन दिवस टाकी ओट्यावर ठेवली. सकाळ-संध्याकाळ ते खडूवरून बोट फिरवायचे. खडू कोरडा राहिला.

इंजिन पितं त्याहून पंप जास्त देतो. उरलेलं पेट्रोल दुसऱ्या नळीनं टाकीत परत येतं. ती परतीची नळी पुंजाजींनी झाकणातून आत घेतली आणि झाकणाखालीच संपवली. झाकणात जुन्या कंप्रेसरवरची जाड काच बसवली.

"नळी आणखी खाली नको का?" सौमित्रनं विचारलं.

"धार दिसली पाह्यजे. दिसली नाही त तुमाले कसं समजनार, पंप चालू हाय का नाही?"

काचेतून त्यांनी त्याला दाखवलं. वरून धार पडत होती, पांढरी, फेसाळ. हौदात पडते तशीच. दोघंही खूश झाले.

पहिली चाचणी मुद्दाम पाव टाकीवर घेतली. लोणारच्या रस्त्यावर एक लांब चढ आहे. सौमित्रनं वेग वाढवला. पुढे पेट्रोलच्या दाबाचा काटा स्थिर होता. पुंजाजी मागच्या सीटवर बसले नव्हते, तर आडवे झाले होते. डावा कान सीटच्या पाठीला लावून, कारण पाठीमागेच टाकी होती. चढ निम्मा झाला असेल.

"पाय काढा!" ते ओरडले. "काढा पाय!"

सौमित्रनं पाय उचलला. त्यानंतर, हो, त्यानंतर काटा खाली आला. गाडी गडगडत कडेला थांबली. इंजिन तपासलं, शाबूत होतं. एखाददोन सेकंद उशीर झाला असता तर नसतं.

"तुम्हाला कसं समजलं?"

"पंप कोरडा बोलला."

सौमित्र गाडीभोवती दोन चकरा मारून आला. "पंपच खराब पाठवलाय त्या माणसानं. काढून ठेवा, भाऊ. रविवारी येऊन परत पाठवतो. त्याला आज चांगलं सुनावतो."

पुंजाजी काही बोलले नाहीत. गाडी हळूहळू दुकानापर्यंत आणली, आणि तेव्हाही ते बोलले नाहीत. त्या गप्प राहण्याबद्दल पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं. टाकी त्यांनी केली होती, तालुक्यात ती गोष्ट पसरली होती, आणि दोष दुसऱ्याच्या नावावर जात होता. एक दिवस त्यांनी तो जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टाकीत तेवढंच पेट्रोल ठेवून पंप वीस मिनिटं चालवला आणि बाहेरून काचेवर बॅटरीचा उजेड धरला. भरलेल्या टाकीत धार बोटभर उंचीवरून पडत होती. आता ती वीतभर उंचीवरून पडत होती, थेट पंपाच्या डब्यात. डबा ढवळून निघाला होता.

"काय दिसते?" शालूबाईंनी विचारलं.

"ताक."

"मंग लोनी काढा."

ते हसले नाहीत. वरून पडणारी धार हवा सोबत घेऊन खाली जाते. पाण्याच्या हौदात त्यानं काहीच बिघडत नाही. हौदातलं पाणी पाटानं निघून जातं. इथे तीच हवा पंपाच्या तोंडाशी जात होती. चाळीस वर्षं ज्या फेसाकडे समाधानानं पाहिलं, तोच फेस पंपाचा घास अडवत होता.

"नळी बदलून टाका चूपचाप," शालूबाई म्हणाल्या. "कोनाले समजते?"

"त्या पंपवाल्यावर आळ आला न."

"तो काय तुमच्या मामाचा पोरगा हाय?"

"कोन हाय मले मालूम नाही. पन पंप चांगला दिला त्यानं."

झाकण त्यांनी पोत्यात गुंडाळलं आणि लोणारची एसटी पकडली.

सौमित्र शाळेत होता. ओसरीवर नीळकंठराव पेपर वाचत बसले होते. पोतं पाहून म्हणाले, "काय उरलंय का गाडीचं, की एवढंच?"

"गाडी चांगली हाय जी. म्या माफी मांगाले आलो."

त्यांनी झाकण ओट्यावर ठेवलं, नळीचं तोंड दाखवलं, सगळं सांगितलं. नीळकंठरावांनी चष्मा सारखा करून नळी पाहिली, जशी एखादी फाइल पाहावी.

"म्हणजे मुलाच्या टर्बोचा दोष नाही?"

"टर्बोचा नाही, पंपाचा बी नाही. नळी एक वीत आखूड पडली. माह्या हातानं."

"काल का नाही सांगितलं?"

"काल मले पक्कं मालूम नव्हतं." पुंजाजी थांबले. "शक होता. पन बोललो नाही."

नीळकंठरावांनी चष्मा काढून पेपरावर ठेवला. "कोर्टात या एका वितीला बारा वर्षं तारखा पडल्या असत्या," ते म्हणाले. "बसा. सौमित्रला फोन करतो, त्या पंपवाल्याला काही लिहिलं असेल तर मागे घ्यायला सांगतो. आणि चाचणी कधी घेताय? रविवारी? मी येतो. गाडी मी चालवणार."

"इंजिन जाऊ शकते जी. म्या तुमाले खोटा भरवसा देनार नाही."

"कालच्या तुमच्या भरवशापेक्षा आजचा बरा आहे."

नळी लांबवायला पुंजाजींना अर्धा तासही लागला नाही. झाकण टाकीपासून दूर, अंगणात नेऊन त्यांनी नळीला तुकडा जोडला. तिचं तोंड तिरपं कापलं आणि डब्याच्या तळाशी, पेट्रोलात बुडेल असं सोडलं. काचेतून आता काहीच पाहण्यासारखं उरलं नाही.

रविवारी नीळकंठरावांनी सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीचा केला. सौमित्र शेजारी, डोळे काट्यावर. पुंजाजी मागे आडवे. पाव टाकी पेट्रोल, तोच चढ. नीळकंठरावांनी पाय दाबला आणि म्हातारी गाडी अशी उसळली की सौमित्रनं नकळत दरवाजा धरला. चढ संपला. काटा जागेवर होता.

"झालं!" सौमित्र म्हणाला.

"नाही झालं," मागून आवाज आला. "पाच लिटर काढा."

कडेला थांबून त्यांनी नळीनं कॅनमध्ये पेट्रोल काढलं, चढाच्या पायथ्याशी परतले, पुन्हा चढले. मग आणखी तीन लिटर काढलं. येणारे-जाणारे मोटारसायकल हळू करून पाहत होते. एकानं विचारलं, "काय बे, पेट्रोल इकून राह्यले का?"

"बाबा, आता पुरे," सौमित्र म्हणाला.

"मला काय सांगतोस? त्यांना विचार."

"अजून दोन," पुंजाजी म्हणाले.

चौथ्या वेळी टाकीत जेमतेम चार लिटर उरलं होतं आणि समोर लाल दिवा लागलेला होता. नीळकंठरावांनी पाय शेवटपर्यंत दाबून ठेवला. अर्ध्या चढावरचं ते ठिकाण आलं आणि मागे पडलं. काटा हलला नाही. माथ्यावर पोचल्यावर पुंजाजी मागच्या सीटवर उठून बसले, मनगटानं कान पुसला, आणि म्हणाले, "आता न्या घरी. रस्त्यात पेट्रोल भरून घेजा."