गौरीला ऐकू येतं, असं मी म्हटलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि माझं सगळं आपल्याला माहीत आहे असं जिला वाटतं त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, तर मध्येच थांबवू नका. आणि कृपा करून ‘होतं गं असं कधीकधी’ म्हणू नका. म्हणालात तर मला तुमचाच राग येईल. रागाची माझ्याकडे तशी टंचाई नाही.

मी मानव विकास आणि कौटुंबिक अभ्यास हा विषय शिकले. इथेच, पुण्यात, विद्यापीठातून एम.एस्सी. केलं. नातेवाइकांना हा विषय कधी कळला नाही. म्हणजे होम सायन्सच ना, भरतकाम वगैरे? मग मी दर लग्नात हातात जेवणाचं ताट धरून समजावत बसायचे, की मूल कसं वाढतं, घर त्याला कसं घडवतं, याचं शास्त्र आहे हे. शास्त्र! केवढा तोरा होता मला. डोंबलाचं शास्त्र.

आज मी पालकांसमोर बोलते. मूल कधी वळतं, कधी बोलतं, कुठे थांबून डॉक्टरांना दाखवायचं. शेवटी एक वाक्य ठरलेलं – आईला शंका आली तर तिचं ऐका. टाळ्या पडतात. एकदा एका बाईंनी डोळे पुसत माझा हात घट्ट धरला. मला काय वाटलं असेल? लाज? छे. तो हात, माझा स्वतःचा, झटकून टाकावासा वाटला.

बरं, मुद्द्यावर येते. येतेय – जरा दम धरा.

शेवटच्या वर्षाला आम्हा प्रत्येकीला एक मूल निवडून त्याच्या घरी जाऊन निरीक्षण करायचं होतं, पूर्ण सत्रभर. अट एकच, मुलाची वाढ सर्वसाधारण असली पाहिजे. माझं पहिलं मूल अर्ध्यातच गेलं, म्हणजे त्याच्या वडिलांची बदली झाली आणि कुटुंब नागपूरला गेलं. मी आमच्या मार्गदर्शक मॅडमना वर्गात सांगायला गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘अख्ख्या पुण्यात आपल्याला एक साधं मूल मिळू नये? कमाल आहे.’ वर्ग हसला. मी त्याच संध्याकाळी गौरीला निवडलं.

आम्ही तेव्हा धायरीत भाड्यानं राहायचो. खालच्या मजल्यावर शिल्पावहिनी, त्यांचा नवरा, सासूबाई आणि गौरी. दोन वर्षांची, गुबगुबीत, कुणाकडेही जाणारी, सारखी हसणारी. बोलत मात्र नव्हती.

आवाजाला मूल प्रतिसाद देतं का, हे पाहायची एक रीत असते. आवाज मुलाच्या मागून करायचा, त्याला आपण दिसता कामा नये. पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे. मी गौरीच्या पाठीमागे उकिडवी बसले आणि खुळखुळा वाजवला. काही नाही. जोरात वाजवला. ती आपली कपड्यांचे चिमटे एकात एक अडकवत बसलेली. मी स्टीलच्या ताटावर चमचा आपटला. मान हलली नाही. जराशी अक्कल असलेला माणूस इथे काय करेल? मी काय केलं – मी उठले, तिच्या समोर जाऊन बसले, आणि खुळखुळा तिच्या डोळ्यांपुढे हलवला. ती खुदकन हसली, दोन्ही हात पुढे केले. झाला प्रतिसाद! वहीत तसंच लिहिलं.

थांबा. खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही. ही तर नुसती कॉलेजातली लबाडी. अशा लबाड्या पचतात माणसाला.

शिल्पावहिनींना शंका आली होती. माझ्या आधी, कुठलंही पुस्तक न उघडता. त्या घरात सांगून सांगून थकल्या होत्या. सासूबाईंचं एकच – ‘बोलंल की पोरगी. हिचा बाप बी उशिराच बोललाय. उगं डोक्याला ताप करती ही.’ मग एका रविवारी वहिनींनी मला खाली बोलावलं. सगळे घरात होते. नवऱ्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. आणि वहिनींनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘ताई, तुम्ही हेच शिकताय. खरं सांगा, हिला ऐकू येतंय का?’ नवरा म्हणाला, तुम्ही म्हणत असाल तर उद्याच सुट्टी टाकतो, दवाखान्यात नेतो.

तयार होता हो तो! फक्त मी ‘न्या’ म्हणायची खोटी होती.

मी म्हटलं, ‘येतं की. उगाच काळजी करताय वहिनी.’

का म्हटलं? गौरी त्या अटीतून बाद झाली असती, तर तिसरं मूल शोधावं लागलं असतं. मॅडमसमोर पुन्हा उभं राहावं लागलं असतं. बस. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, असं कितीदा वाटलं. नाहीये.

सासूबाई मांडीवर थाप मारून म्हणाल्या, ‘बघ!’ वहिनींनी त्यानंतर तो विषय काढला नाही. मला निकालानंतर तरी बोलता आलं असतं ना? मी पहिल्या वर्गात पास झाले. वहिनींनी शिरा करून वर पाठवला. मी खाल्ला.

गौरी चार वर्षांची झाल्यावर बालवाडीतल्या बाईंनी ओळखलं. डॉक्टर म्हणाले, भाषा रुजायची वर्षं वाया गेली, लवकर आणायला हवं होतं. दोन्ही कानांना यंत्रं लागली. मी भेटायला गेले, तेव्हा घरात वहिनींवर तोंडसुख घेणं चालू होतं. सासूबाई ओरडत होत्या, ‘आई हाय का कोण? दिसभर पोरीसंगं असती, तरी कळंना?’ नवराही तेच बोलला. माझ्या हातात चहाचा कप होता. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, ‘ताईंनासुद्धा कळलं नाही, मला कुठून कळणार?’

आणि मी मान डोलावली. निर्लज्जपणे, दोनदा. ती बाई तिथे एकटी शब्दांचा मार खात होती, आणि मी मान डोलावून चहा संपवला! खोटं बोलले त्याचा राग येतोच, पण त्या डोलावलेल्या मानेचा जो येतो ना – अजून येतो, रस्त्यानं चालताना येतो, व्याख्यान देताना येतो.

गौरी आता मोठी झालीय. बोलते. नवख्या माणसाला दोनदा विचारावं लागतं, आणि दुसऱ्यांदा विचारलं की ती गप्प बसते.

परवा सिंहगड रस्त्याला भाजी घेताना वहिनी भेटल्या. गौरीचं काय काय सांगितलं. मग मेथीची जुडी निवडता निवडता म्हणाल्या, ‘माझंच चुकलं ताई. मला तेव्हा साधी शंकासुद्धा आली नाही.’ मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या दुःख लपवत नव्हत्या, मला टोमणाही मारत नव्हत्या. इतकी वर्षं ऐकून ऐकून त्यांना तेच खरं वाटायला लागलं होतं. त्या घरात एकच माणूस बरोबर होतं, सगळ्यांसमोर तोंड उघडून विचारणारं. आता त्यालाच ते आठवत नाही. आठवतं फक्त मला.

मी म्हटलं, ‘असू द्या, वहिनी.’