थांबामावशी

देवाचं नाव घेण्याआधी मावशी थांबायची. फार नाही, एक श्वास जाऊन दुसरा येईल एवढंच. बुवापाड्यातल्या आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये गाणं रंगात आलेलं असायचं, सगळे ‘प्रभू’ म्हणून पुढे निघून जायचे आणि मागून तिचा एकटीचा ‘प्रभू’ सावकाश यायचा. ढोलकीवाल्याचा हात हवेतच राहायचा. त्यानेच वैतागून तिचं नाव थांबामावशी पाडलं. आता मी लग्न होऊन बदलापूरला, कुळगावात राहते, पण दुपारी डोळा लागता लागता कधी कधी ते गाणं ऐकू येतं, आणि त्यातली तिची ती रिकामी जागाही.

ती आमची सख्खी कोणी नव्हती. शेजारच्या खोलीत राहायची आणि एमआयडीसीत बिस्किटं भरायच्या कामाला जायची. शिफ्ट संपवून रिक्षातून उतरली की सगळ्या गल्लीत गोड, भाजका वास पसरायचा. लहानपणी मला वाटायचं, स्वर्गात असाच वास येत असणार आणि मावशी रोज तिथूनच रिक्षाने घरी येते.

मी तेव्हा वाक्यावाक्याला ‘देवाशप्पथ’ म्हणायचे. मावशी रागवायची नाही. “त्याला कशाला साक्षीला उभं करतेस? तू सांगितलंस, मी ऐकलं. झालं की,” एवढंच म्हणायची. एकदा चर्चच्या पडद्यांसाठी कापड घ्यायला मी तिच्याबरोबर उल्हासनगरला गेले होते. सिंधी शेठ गळ्याला हात लावून सांगत होता, भगवान की कसम, रंग जाणार नाही. मावशी म्हणाली, “शेठ, रंग जाता है तो जाने दो, उसको बीच में मत लाओ.” शेठने गळ्यावरचा हात काढला आणि हसून म्हणाला, “थोड़ा जाएगा, मौसी.” तेच कापड आम्ही घेतलं. धुताना रंग खरंच थोडाच गेला.

बायबलातल्या दहा आज्ञांपैकी तिसरी, देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही, मला रविवारच्या शाळेपासून पाठ होती. ती शपथा आणि शिव्यांपुरतीच आहे, अशी माझी समजूत होती. माझ्या लग्नाच्या वेळी ती समजूत मोडली.

मला बदलापूरचा सुनील हवा होता. आईला तो नको होता, कारण त्याची नोकरी ठेकेदाराकडची, आज आहे तर उद्या नाही. महिनाभर वाद घालून मी दमले आणि एका सकाळी चहा पिता पिता सांगून टाकलं, “प्रभूने मला प्रार्थनेत सांगितलंय, हाच तुझा नवरा.” आमच्या मंडळीत हे वाक्य आलं की पुढे कोणी बोलत नाही. आईही बोलली नाही. तिने कप उचलले आणि मोरीकडे गेली. रविवारी तर मी उभी राहून साक्षही दिली. देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची आमची रीत आहे. लोकांनी हालेलुया म्हटलं. आई मान खाली घालून बसली होती.

बाहेर चपला घालताना मावशीने मला बाजूला घेतलं.

“त्याने सांगितलं, की तुला हवाय?”

मी वाकून चपलेचा पट्टा ओढत राहिले.

“हवाय तर हवाय म्हण. त्यात लाज कसली? पण आईचं तोंड बंद करायला,” ती थांबली, नेहमीसारखी, “देवाचं नाव वापरू नकोस. त्यापेक्षा शिवी बरी, पोरी. शिवीत निदान राग तरी आपला असतो.”

तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. खरं सांगितलं तर आई लग्न मोडणार, नाही सांगितलं तर ती अशीच मान खाली घालून मला सासरी पाठवणार. चौथ्या दिवशी सांगितलं. आई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “देवाशी मला भांडता येत नव्हतं. तुझ्याशी येतं. बस इथे.” आम्ही पोटभर भांडलो. लग्न वर्षभर लांबलं, पण माझ्या हळदीला आई नाचली.

मावशी गेल्या उन्हाळ्यात गेली, दुपारी झोपली ती उठलीच नाही. तिच्या आठवणीच्या उपासनेत एकेक जण उठून सांगत होता, देवाला ती हवी होती, देवाने तिला बोलावून घेतलं. खिडक्यांवर ते उल्हासनगरचे पडदे हलत होते, इतक्या वर्षांच्या उन्हाने फिके झालेले. मी उभी राहिले, तेव्हा तेच वाक्य माझ्याही ओठांवर आलं होतं. मी थांबले. ढोलकीवाल्याने मान वर करून पाहिलं.

“देवाला ती हवी होती का, मला माहीत नाही,” मी म्हणाले. “मला हवी होती.”