ट्रेसिंग पेपरवरचे एकोणीस दिवस

“सर, माह्या एन्ट्र्या कुठी गेल्या?”

फोनवर रुबिना होती. पोळ्याची दोन दिवसांची सुट्टी संपून गडचिरोलीतलं ते सरकारी कार्यालय नुकतंच उघडलं होतं. मी नागपूरला आमच्या कंपनीत टेबलाशी बसलो होतो.

“कुठल्या एन्ट्र्या? कालच्या?”

“कालच्या कशा असतील सर, काल तं तान्हा पोळा होता. एकोणीस दिवसांच्या एन्ट्र्या दिसतच नाई. मशीन चालू झाली, पासवर्ड घेतला, पण आतमध्ये जुनंच दिसून राह्यलं.”

एकोणीस हा आकडा ऐकला आणि मी समजलो. सुट्टी लागण्याच्या बरोबर एकोणीस दिवस आधी मी ती मशीन त्यांच्या ताब्यात दिली होती. पुढे मी जे काही बोललो, लिहिलं आणि सही करून दिलं, ते सगळं हे समजल्यानंतरचं आहे. मला माहीत नव्हतं असं मी आजवर लोकांना सांगत आलो. ते खोटं होतं.

दोन हजार आठ-नऊच्या आसपासची गोष्ट. त्या कार्यालयात वनहक्काचे दावे कॉम्प्युटरवर चढवण्याचं काम चालू होतं. गावोगावचे फॉर्म गठ्ठ्यांनी यायचे. रुबिना शेख कंत्राटी ऑपरेटर होती. तिचे वडील चामोर्शीच्या आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान लावायचे. घरातली नोकरी करणारी ती पहिलीच मुलगी. टायपिंग इतकं जलद की बाकीचे दोघं ऑपरेटर तिला ‘राजधानी’ म्हणायचे.

त्यांचे तीन जुने सर्व्हर काढून एकाच मोठ्या सर्व्हरवर सगळं आणायचं, हे माझं काम. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. एका खऱ्या मशीनच्या पोटात तीन नकली मशीन चालवायच्या. अशा प्रत्येक नकली मशीनला गेस्ट म्हणतात. गेस्टला वाटतं आपल्याला स्वतःची डिस्क आहे. खरं तर ती डिस्क म्हणजे मोठ्या सर्व्हरवरची एक फाइल असते.

अडचण पहिल्याच दिवशी आली. सर्व्हरमधलं डिस्क सांभाळणारं कार्ड आमच्या सॉफ्टवेअरला ओळखूच येईना. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि सॉफ्टवेअर यांच्यातला दुभाषा, मला स्वतः बांधावा लागला. आठ दिवस त्यात गेले. ड्रायव्हर चालला, तर गेस्ट गोगलगायीसारखे. मग ट्यूनिंग सुरू झालं. गेस्टला मेमरी किती द्यायची, त्याच्या आत डिस्कचा कुठला ड्रायव्हर घालायचा, एकेक बदलून पाहायचं. निम्मे प्रयोग फसायचे आणि फसले की गेस्ट पुन्हा मूळपदावर आणायला दोन तास जायचे.

म्हणून मी एक सोय वापरली. वनखात्यात नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर पेन्सिलीने आखतात ना, तशी. डिस्कला एका खास मोडमध्ये टाकता येतं. मग गेस्ट जे काही लिहील ते वरच्या ट्रेसिंग पेपरवर जातं. खालचा नकाशा जसाच्या तसा राहतो. गेस्ट आतून रिस्टार्ट केला तरी कागद जागेवर असतो, पण मशीन पूर्ण बंद झाली की तो फाटून जातो. प्रयोगासाठी यापेक्षा चांगली गोष्ट नाही. प्रयोग फसला, मशीन बंद केली, चालू केली, पुन्हा पहिल्यासारखं.

शेवटी मेळ जमला. त्याच दिवशी कार्यालयातले लांजेवार साहेब दारात येऊन उभे राहिले. “झालं का? उद्या वरून बैठक आहे, मले स्क्रीनवर दावे दाखवायचे आहेत.” मी झालं म्हटलं. सुपूर्द केल्याच्या कागदावर सही घेतली आणि नागपूरची बस धरली. डिस्कचा मोड बदलायचा राहिला. रोजचा बॅकअप जिथे पडायचा ती दुसरी डिस्कही त्याच मोडमध्ये होती.

यूपीएस होता, जनरेटर होता, त्यामुळे मशीन एकोणीस दिवस एकदाही बंद पडली नाही. सगळं काम ट्रेसिंग पेपरवर साचत गेलं.

फोन आला त्या दिवशी मी दुपारी गडचिरोलीला पोहोचलो. लांजेवार साहेब सर्व्हरच्या खोलीतच बसले होते.

“या, इंजिनिअर साहेब. जुनी मशीन हळू चालायची, पण पुढं चालायची. तुमची नवी तं मागं चालून राह्यली.”

“बंद कशी झाली?” मी विचारलं.

चौकीदार मडावी भाऊ पुढे आले. “पोळ्याच्या आदल्या रोजी आभाळ आलं होतं साहेब. विजा कडकडून राह्यल्या. मागच्या साली इथंच टेलिफोनचा डब्बा जळला. पावसाळ्यात सुट्टी असली की आम्ही मेन स्विच पाडूनच जातो. रुबिनाबाई शेवटी निघाली, म्या म्हटलं, बाई, मेन बंद कर.”

“आन् मी केली,” रुबिना म्हणाली. “दरसाली करतो ना सर.”

त्या भागात विजांना लोक घाबरतात आणि घाबरायला कारण आहे. पावसाळी सुट्टीला ऑफिसची मेन पाडणं ही तिथली जुनी रीत. मी तिथे तीन आठवडे काढले, ही गोष्ट एकदाही विचारली नाही. मेन गेली, जनरेटर लावायला कोणी नव्हतं, यूपीएसची बॅटरी दोन तासांत संपली, मशीन बंद झाली. कागद फाटला.

मी स्क्रीनवर सेटिंग उघडलं. तो मोड तिथे लिहिलेला होताच. लांजेवार साहेब फोनवर बोलायला बाहेर गेले होते. रुबिना माझ्यासाठी चहा घेऊन बाजूला उभी होती. मी तिच्यादेखत मोड बदलला. दहा सेकंद लागली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं आणि ते मला माहीत होतं.

“येतील का सर परत?”

“बघतो,” मी म्हणालो. काही बघण्यासारखं उरलं नव्हतं.

बाहेर येऊन मी आमचे मॅनेजर बोधनकर यांना फोन लावला. त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या दिवशी मी खरं सांगितलं ते फक्त त्यांनाच.

“हे आणखी कोणाला बोललात?”

“नाही.”

“मेन कोणी बंद केली?”

“ऑपरेटरने.”

“मग झालं तर. रिपोर्ट द्या. पुढच्या तीन जिल्ह्यांचं काम याच रिपोर्टवर आहे, एवढं लक्षात ठेवा.”

मी रिपोर्ट लिहिला. त्यातलं वाक्य मला आजही पाठ आहे: ‘ऑपरेटरने विहित पद्धतीने शटडाउन न करता वीजपुरवठा खंडित केल्याने डेटा नष्ट झाला.’ वाक्यातला पहिला भाग खरा होता. शटडाउन तिने केलं नव्हतं, कारण ते करायचं असतं हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं काम माझं होतं. दुसरा भाग धडधडीत खोटा.

संध्याकाळी बस स्टँडवर रुबिना आली. ओढणी डोक्यावर, हातात डबा.

“सर, लांजेवार साहेब म्हणून राह्यले, तुह्या एका बटणानं सगळं गेलं. तुम्ही त्यायले सांगा ना, माही चूक नाई म्हणून. तुमचं ते ऐकतात.”

“बोलतो मी,” मी म्हणालो. बस लागली होती. मी चढलो.

पुढच्या आठवड्यात तिचं कंत्राट संपवलं. कागदी फॉर्म गठ्ठ्यांत होते, त्यामुळे दावे बुडाले नाहीत. उरलेल्या दोघांनी महिनाभर बसून सगळं पुन्हा चढवलं. आम्हाला ते तिन्ही जिल्हे मिळाले. तिथल्या मशीन मी नीट लावल्या, मोड दोनदा तपासून. मला बढती मिळाली.

निवृत्त झाल्यावर एकदा बायकोबरोबर मार्कंड्याला दर्शनाला गेलो होतो. परतताना चामोर्शीचा बाजार लागला. बायको बांगड्यांच्या दुकानाशी थांबली. दुकानात रुबिना बसली होती. मी ओळखलं नाही, तिनेच ओळखलं.

“सर! किती पिकले तुम्ही!” हसत तिने स्टूल पुढे केलं. बायकोच्या हातात बांगड्या भरता भरता म्हणाली, “अब्बा गेले, आता मीच पाह्यते. दुसऱ्या ऑफिसात विचारलं होतं, पण माह्या नावानं रिपोर्टातलं ते वाक्य सगळीकडं पोहोचलं होतं ना. म्हणत, ही मेनवाली.”

मी बांगड्यांकडे पाहत राहिलो.

“एक विचारू सर? कधीचं मनात आहे. मी आधी नीट शटडाउन केली असती आन् मग मेन बंद केली असती, तं वाचलं असतं ना?”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती इतकी वर्षं तो प्रश्न स्वतःलाच विचारत आली होती. माझी बायको माझ्याकडे पाहत होती.

“हो,” मी म्हणालो. “वाचलं असतं बहुतेक.”

तिने मान हलवली. “मले वाटलंच होतं,” म्हणाली आणि एक बांगडी जास्तीची घातली.

दुसऱ्या खोट्यासाठी माझ्याकडे कंपनी नव्हती, मॅनेजर नव्हता, पुढचं काम नव्हतं. तरी मी ते बोललो. म्हणून हे लिहितो आहे. छापून आल्यावर याची एक प्रत घेऊन चामोर्शीला जाणार आहे, पण कागदावर आधी उत्तर देतो: नाही, रुबिना. तू शंभर वेळा नीट शटडाउन केलं असतंस तरी सगळं गेलंच असतं. मशीन कशीही बंद झाली तरी तो कागद फाटणारच होता, आणि तो मी ठेवला होता.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगायचं तर दोनच गोष्टी आहेत. प्रयोगासाठी लावलेलं सेटिंग काढल्याशिवाय मशीन कोणाच्या ताब्यात देऊ नये. आणि रिपोर्टमध्ये ‘ऑपरेटरची चूक’ लिहिलीच, तर सही करण्याआधी तो त्या ऑपरेटरला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवावा. मला ते वाक्य तिच्यासमोर वाचता आलं नसतं.